माटोळीवरची पेटी

रंजना अजूनही ही गोष्ट सांगायला बसली की आधी स्वतःच पोट धरून हसते. हसणारच! पहिल्या भेटीत तिने यशवंताला चक्क घाडी समजलं होतं. घाडी म्हणजे घरात काही नड-बाधा झाली की देवाला विचारून सांगतो, तो.

तिचा तरी काय दोष हो? निलेशचा, म्हणजे तिच्या मुलाचा, कॉम्प्युटर सारखा आपोआप बंद पडत होता. शेजारच्या प्राजक्ताने "थांब गो, माणूस पाठवते" म्हणून एकाला धाडलं. तो आला, चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरसमोर उकिडवा बसला आणि डोळे मिटून मशिनीला कान लावला.

"कधीपासून असा करता ह्यो?"

"आठवडा झाला असेल."

"घरात हल्ली नवीन काय इला?"

रंजनाच्या अंगावर काटा आला. "फ्रीज," ती कशीबशी म्हणाली आणि आत जाऊन सुपात मूठभर तांदूळ नि नारळ घेऊन आली. यशवंताने एक डोळा उघडला.

"वैनी, ह्या नारळाचा काय करू? मशिनीच्या टकलेवर फोडू?"

फ्रीज आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावले होते. फ्रीज घुरघुरला की कॉम्प्युटर मान टाकायचा. यशवंताने तार दुसरीकडे लावली, झालं. नारळ मात्र जाताना सोडला नाही हो त्याने!

मूळचा सिंधुदुर्गातला, खाणीवरचा ट्रक चालवायला गोव्यात आलेला. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले. तेव्हा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तो याने घरी आणला आणि जेवायच्या जागेवर उघडून बसला. बायकोने महिनाभर ताटं ओसरीवर वाढली. आता तो एका दुकानाची गाडी चालवतो. पण आमोणे गावात कुणाचा फोन रुसला की पहिली हाक यशवंतालाच.

आणि फोन एकवेळ दुरुस्त होणार नाही, उपदेश हमखास मिळणार. "फोन तापता तर आधी त्याचा कव्हर काढा. मे महिन्यात म्हशीक गोधडी घालतास काय?" चार्जिंग होत नसेल तर खिशातून माडाची हीर काढून भोकातला कचरा कोरणार. "नवीन फोन कित्याक व्हयो? ह्याका खरूज झाली हा, इतक्याच." सकाळच्या गुलाबांच्या चित्रांवर तर त्याचा भारी राग. एकदा प्राजक्ताच्या फोनातली फुलं पुसता पुसता त्याने तिच्या सासूचे फोटोही पुसून टाकले. प्राजक्ताने कधी तक्रार केली नाही, ती गोष्ट वेगळी.

तर यंदाची गणपतीची चवथ. निलेश जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेलेला, घराबाहेरची त्याची पहिलीच चवथ. दुपारपासून त्याचं जहाज बंदरात असणार, संध्याकाळच्या आरतीला त्याला नेट मिळणार, रात्री जहाज सुटणार. रंजनाने त्याला सांगून ठेवलं होतं, "गणपती बघितल्याशिवाय झोपू नको." पण दुपारी व्हिडिओ कॉल लावून बघते तर निलेशचा चेहरा अर्ध्या जांभईत अडकून बसला. अंगणात मोबाइलला रेंज यायची, पण गणपतीला थोडंच अंगणात आणायचं?

यशवंत आला. डोळे मिटले.

"वैनी, कालपासून घरात नवीन काय इला?"

"गणपती आला! दुसरं काय येणार?"

यशवंताने वर बघितलं. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची माटोळी. रंजनाच्या नवऱ्याने, सुभाषने, रान पालथं घालून बांधलेली. नारळ, शहाळी, सुपारीचे घोस, मोठ्या लिंबांसारखी तोरिंगं, भलीमोठी चिबुडं, रानातली लालबुंद कांगलां. माटोळीची चौकट बारा महिने वाशांना ठोकलेली असते, म्हणून सुभाषने वायफायची पेटी तिच्यावरच ठेवून दिली होती. आता ती फळांआड गडप.

"गावली! चिबूड म्हणजे काय? पाणी. शहाळा? पाणी. नेटाक पाणी आडवता."

सुभाष भडकला. "यशवंता, माझ्या माटोळीवर आळ घेऊ नको सांगतो. आज्यापासून बांधतो आम्ही!"

"आज्यान वर वायफाय ठेवलो नव्हतो मरे!"

"एक पान काढायला देणार नाही. गणपती बसला की पोचवेपर्यंत माटोळीला हात लावायचा नसतो."

"मी कधी म्हटलंय लावतंय?"

दोघे भांडत राहिले आणि रंजनाचा धीर सुटला. "भाऊ, पोरगा तिकडे वाट बघतोय हो," एवढंच म्हणाली ती. यशवंत तसाच वळला. बाजूच्या खोलीतून शिडीने माळ्यावर चढला, पोटावर आडवा झाला आणि फळ्यांच्या फटीतून, विहिरीतून बाल्दी ओढावी तशी, तार धरून पेटी हळूहळू वर ओढली. खाली सुभाष दोन्ही हात पसरून उभा, जणू आता बाळच पडणार. एक सुपारी हलली नाही.

पेटी जनेलात, म्हणजे खिडकीत, बसली. आरतीची घंटा वाजली आणि फोनात निलेश उगवला, डोक्यावरची पांढरी टोपी काढून हात जोडलेला. रंजनाला आरतीचे शब्द येईनात. ती नुसता फोन गणपतीसमोर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"बाबा," निलेश म्हणाला, "यंदा कांगलां कुठं मिळाली एवढी?"

सुभाषची छाती ही एवढी फुगली! ती फुगलेलीच घेऊन तो नंतर नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ताटाशी बसला. "बघितलंस? माटोळीचा दोष नव्हताच. नेट दुपारी बंद होतं, संध्याकाळी आपसूक आलं."

"आपसूक?" यशवंताने नेवरी तोंडात टाकली.

"आपसूक. चिबडाने कधी नेट अडतं काय?"

खरंखोटं तो गणपती जाणे. रंजनाच्या हातातल्या फोनात निलेश अजून बोलत होता. यशवंत हात झाडत शांतपणे उठला.

"बरा तर. जनेलात पाऊस लागतलो पेटीक. मी परत माटोळीवर नेऊन ठेवतंय."

सुभाष ताट ओलांडून जनेलाशी धावला. "हात लावशील तर बघ!"

"नाय लावणा," यशवंत म्हणाला आणि सुभाषच्या ताटातली नेवरी उचलली.