उपड्या घागरी

आत्या अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ती अचानक गेली, तेव्हा शाळेच्या हॉलसाठी काढायला घेतलेलं तिचं मोठं चित्र अर्धंच होतं. विहीर आणि मागचा डोंगर रंगवून झाला होता; बायकांच्या जागी नुसत्या कोळशाच्या रेघा.

तिच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास ते लावायचं ठरलं. उरलेलं काम उल्हासनगरचा एक पेंटर करणार होता. त्याला दाखवायला म्हणून आत्याचं लहानसं कच्चं चित्र न्यायला मुख्याध्यापक घरी आले. त्यात विहिरीभोवती बसलेल्या बायका होत्या आणि काठावर उपड्या घातलेल्या घागरी.

"ह्या उपड्या का?" त्यांनी विचारलं.

माझे वडील तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी चित्र निरखून पाहिलं. "घासून वाळत घातल्यात. सणाची तयारी दिसते."

माझं डोकंच फिरलं. आत्याने ते पालेगावच्या पुढे एका वाडीत काढलं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. विहिरीच्या पाण्याला औषधासारखा वास मारत होता, वर तेलकट तवंग. बायका पाणी न भरताच बसून होत्या. आत्याने हे सगळं घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं. ते मान खाली घालून जेवत राहिले होते.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "पाणी नासलं म्हणून त्या उपड्या आहेत."

"कार्यक्रमाला आमचे साहेब येणार आहेत," ते म्हणाले. "तिचं नाव होतंय, होऊ दे."

पेंटरने बायका हसऱ्या केल्या, त्यांना काठपदराच्या साड्या नेसवल्या, घागरी काठोकाठ भरल्या. वर कोपऱ्यात आत्याची सही ठोकली, तिच्या अक्षराची नक्कल करून.

"निदान सही तरी पुसा," मी मुख्याध्यापकांना म्हणाले.

"अगं, कार्यक्रमच बाईंच्या नावाचा आहे."

साहेबांनी पडदा सारला. वडिलांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मी तिथूनच शाळेच्या ऑफिसात गेले, टेबलावरचं कच्चं चित्र उचललं आणि घरी आले. वडिलांनी ते दोनदा मागितलं. मी दिलं नाही.

माणूस गेल्यावर राग धरू नये म्हणतात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून धरून आहे.