खोक्याचं वजन

इथे जर्मनीत आमच्या विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि भेट निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी टीममध्ये सगळ्यात नवीन, आणि नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही मी मीटिंगमध्ये बोलत नाही. भेट काय, ते आधीच ठरलं होतं : घरी बिअर बनवायचा संच, नवशिक्यांसाठीचा. माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हणाली होती, "आमच्या बायर्न प्रांतात रिटायर झालेल्या माणसाला दोनच गोष्टी उरतात, दुखरे गुडघे आणि बिअर. गुडघे त्याच्याकडे आहेत."

मी काम नीट केलं. रेगेन्सबर्ग शहरातल्या माझ्या एका खोलीच्या घरात बसून संच ताडून पाहिले. काहींत धान्य स्वतः उकळावं लागतं, ते नवशिक्याला झेपत नाही. काहींत माल्टचा घट्ट पाक डब्यात तयार येतो. तो गरम पाण्यात विरघळवायचा, निवल्यावर यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं आणि थांबायचं. झाकणात एक वाकडी नळी असते, तिच्यातून बुडबुडे निघत राहतात. आतलं दिसावं म्हणून मी पारदर्शक भांड्याचा संच मागवला. खोकं आल्यावर सगळं आहे ना ते तपासलं. यीस्टचं पाकीट बंद होतं, वास येणं शक्य नव्हतं. तरी मी ते हुंगलं. मग खोकं बंद करून निळ्या कागदात गुंडाळलं, वर फीत बांधली.

हुंगायची सवय आमच्या पुण्याच्या घरातली. मी शाळेत असताना आईने इडलीचं पीठ आंबवणं बंद केलं होतं. आंबूस वास आला की ती घरभर फिरायची. थर्मास, खोकल्याच्या औषधाची बाटली, कूलरची टाकी, सगळ्यांची झाकणं उघडून नाक लावायची. एकदा अशी फिरली आणि शेवटी वास ओट्यावरच्या पिठाचाच निघाला. त्यानंतर इडली बाहेरूनच यायची. बाबांना जे होतं त्याला घरात एकच शब्द होता, तब्येत. पुढे बाबांनी पिणं सोडलं आणि काही वर्षं तब्येत चांगली राहिली. लग्नकार्यात कोणी बाटली पुढे केली की ते आपल्या ग्लासवर तळहात पालथा ठेवायचे आणि दुसरीकडेच बघायचे. तो हात कोणा दुसऱ्याचा असावा तसे.

तो हात मला परत ऑफिसात दिसला. कोणाचा तरी वाढदिवस होता. प्रमुखांनी केक कापणाऱ्या मुलीला हळूच विचारलं, यात चेरीची दारू घातलीय का? हो म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. गाडी चालवायचीय, म्हणाले. केकच्या तुकड्याने कोणाची गाडी अडत नाही. मग वाइन फिरू लागली. ती त्यांच्यापाशी आली तेव्हा त्यांनी ग्लासवर तळहात पालथा ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या घरात निळ्या कागदात त्यांचं खोकं तयार होतं.

बाबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बँकेतल्या लोकांनी चकचकीत कागदातली बाटली दिली होती. प्रेमाने दिली होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. आई ती टाकून द्यायला निघाली तर बाबा म्हणाले, "असू दे गं, लोकांनी मानाने दिलीय. मला तिच्याकडे नुसतं बघताही येतं, हे कळू दे मला."

बाटली शोकेसमध्ये राहिली. आम्ही सगळेच तिच्याकडे बघायचो. शाळेतून आले की मी दप्तर ठेवायच्या आधी शोकेस बघायची. कागद तसाच, फीत तशीच. दिवाळीच्या सफाईत आईने ती उचलली आणि तशीच उभी राहिली. मग माझ्या हातात दिली. कागदाला सुरकुती नव्हती. तळाची चिकटपट्टी मात्र नवी होती. आत बाटली होती, रिकामी.

त्यानंतर बाबा फार वर्षं राहिले नाहीत.

प्रमुखांबद्दल माझा अंदाज चुकीचा असू शकत होता. बरोबर असला तर ती त्यांची गोष्ट, मी चारचौघांत कशी सांगणार? आणि मला कसं कळलं, हे कोणी विचारलं असतं तर? निरोपसमारंभ जवळ आला तेव्हा मी शेजारच्या सहकारिणीकडे गेले आणि म्हणाले, "ही भेट मला देता येणार नाही. आमच्या धर्मात दारूशी संबंधित काही भेट देत नाहीत."

बाबांना बाटली देणाऱ्या सगळ्यांच्या घरी देवघर होतं. पण इथे या वाक्याशी कोणी वाद घालत नाही. ती लाल झाली, पुन्हा पुन्हा माफी मागू लागली. मग थांबली. उन्हाळ्यातल्या पार्टीत मी तिच्याच शेजारी बसून राडलर, म्हणजे लिंबूपाणी घातलेली बिअर, प्यायले होते.

"मग राडलर चालतं?"

"प्यायला चालतं," मी म्हणाले. "द्यायला चालत नाही."

"आह, गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. हा नियम तिने कुठेतरी वाचलेलाच होता, अशी मान हलवली.

निरोपाला आम्ही डोंगरात न्यायची पाठपिशवी दिली. कोणीतरी हसत हसत सांगून टाकलं की खरं तर बिअरचा संच ठरला होता, पण हिच्या धर्मामुळे राहिला. प्रमुख हसले नाहीत. उन्हाळ्यातल्या त्या पार्टीत आमच्याच टेबलाशी समोर ते सफरचंदाचा रस घेऊन बसले होते. माझा ग्लास त्यांनी पाहिला होता. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळहात गार होता.

"तुमच्या धर्माला माझे आभार कळवा," ते म्हणाले.

खोकं परत पाठवते, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पाठवलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. ते इमारतीच्या तळघरात, माझ्या वाट्याच्या जाळीच्या खोलीत आहे. किल्ली फक्त माझ्याकडे असते. सायकल काढायला गेले की मी आधी खोकं उचलून बघते. वजन तेवढंच असतं. मग ते उलटं करते आणि तळाची चिकटपट्टी बघते.