फुगा प्रतिभाला आला

कासुर्डीचा ज्ञानू गुऱ्हाळावर गुळव्या होता. आज्जा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, बापानं मेंढरं मोडून विहीर पाडली, आणि ज्ञानू उसाचा रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहिला तो तिथलाच झाला. यवत-केडगावच्या पट्ट्यात त्याच्या हातच्या गुळाचं नाव होतं. माणूस अघळपघळ. हसला की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचं. ते हसणं त्याच्या थोरल्या लेकीनं, प्रतिभानं, जसंच्या तसं उचललं होतं. फक्त ती मधेच थांबायची, छातीवर हात ठेवून दम गोळा करायची आणि मग राहिलेलं हसायची.

लहानपणी एकदा ताप येऊन तिचे सांधे सुजले होते. गोळ्यांनी सूज उतरली, घरचे विसरून गेले. पण तो ताप जाताना हृदयाची एक झडप आकसून गेला होता. बारावी होईतो तिला एस.टी.च्या थांब्यापासून घरापर्यंत एका दमात येता येईना. तेव्हा, सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात, ज्ञानू आणि त्याची बायको म्हाळसा तिला पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी दोघांना आणि प्रतिभाला समोर बसवून नीट समजावलं. झडप उघडायचे दोन मार्ग. एक जुना, छाती कापून. दुसरा नवा, मांडीच्या शिरेतून तार वर न्यायची, झडपेत एक बारका फुगा फुगवायचा, झडप मोकळी होते.

"कोणता इलाज जास्त वर्षं टिकतो, हे आम्हालाच अजून पक्कं माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून अभ्यास चाललाय. अर्ध्या पेशंटना हा, अर्ध्यांना तो. कुणाला कोणता, ते आम्ही ठरवत नाही, तुम्हीही नाही. आम्ही ऑफिसला फोन लावतो, तिथला कॉम्प्युटर सांगतो."

"म्हंजी चिठ्ठ्या टाकल्यावानी?"

"तसंच. आणि धोका दोन्हीत आहे. कापताना रक्तस्राव होऊ शकतो, फुग्यानं क्वचित झडप फाटते. अभ्यासात यायचं नसेल तर नाही म्हणा, इलाज तरीही होईल."

ज्ञानूनं लेकीकडं पाहिलं. ती म्हणाली, "आप्पा, दोन्ही बरं हायती म्हणत्यात ना? मंग कुठला का येईना." सही तिनंच केली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची तहमीना होती. तळेगाव ढमढेऱ्याची. तिचा बाप अकबर शिरूरच्या रस्त्याला जीप चालवायचा. आजार तोच, अभ्यास तोच. पोरींचं असं जमलं की नर्स एकीला हाक मारायची आणि ओ दोघी द्यायच्या. म्हाळसा दोघींना मिळून भाकरी चुरायची. अकबर आणि ज्ञानू बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऊस, डिझेल आणि पोरींची लग्नं यावर बोलत.

एका सकाळी डॉक्टरांनी फोन लावला. प्रतिभाला फुगा आला, तहमीनाला चाकू.

ज्ञानूला आनंद लपवता आला नाही. लेकीच्या छातीवर व्रण राहणार नव्हता, उद्या सोयरीक जुळवताना कुणी नाक मुरडणार नव्हतं. तो थेट रस्त्यावर गेला आणि पेढे घेऊन आला. वॉर्डात वाटत वाटत अकबरपुढं पोचला, तेव्हा कुठं त्याचं अकबरच्या तोंडाकडं लक्ष गेलं. त्याचा हात तिथंच थबकला.

"द्या की, ज्ञानूभाऊ," अकबर म्हणाला. "तुमच्या पोरीचं चांगलं झालं. तोंड गोड करतो." त्यानं पेढा खाल्ला आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

दोन दिवसांनी प्रतिभाला आत नेलं. स्ट्रेचरवरून तिनं तहमीनाला हात केला. तासाभरात बाहेर येणार होती. ती आली नाही. दाराआड धावपळ सुरू झाली. डॉक्टर बाहेर आले ते टोपी हातात घेऊन. फुगवताना झडपेची एक पाकळी फाटली होती. तातडीनं छाती उघडावी लागणार होती.

म्हणजे शेवटी चाकू लागलाच. नवी झडप बसवली, पण प्रतिभा शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. म्हाळसानं हंबरडा फोडला. ज्ञानू नुसता डॉक्टरांना विचारत राहिला, "धोका क्वचित म्हणाला हुता ना तुम्ही? क्वचित म्हणाला हुता." डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. "हो मामा," एवढंच म्हणाले.

तहमीनाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. ती बरी होऊन घरी गेली.

ज्ञानूनं त्या हंगामात काहिलीला हात लावला नाही. पुढं लावला, गूळही पहिल्यासारखाच उतरू लागला, पण त्याचं हसणं वस्तीवर पुन्हा कुणी ऐकलं नाही. कुणी पेढे पुढं केले तर तो उठून जायचा. रिकाम्या वेळी एकच गणित त्याच्या डोक्यात फिरायचं: फोन एक घटका उशिरा लावला असता तर? तहमीनाचं नाव आधी सांगितलं असतं तर?

तहमीना दर वर्षी पुण्याला तपासणीला जायची, आणि येताना वाट वाकडी करून अकबर तिला कासुर्डीला आणायचा. म्हाळसा तिची वाट बघायची, तिला पोटाशी धरायची, दंडाला हात लावून म्हणायची, "जरा भरलीस गं यंदा." ज्ञानू मात्र जीप वस्तीवर वळताना दिसली की उसात शिरायचा. पोरीवर त्याचा राग नव्हता. पण ती चालत यायची, दम न लागता बोलायची, ते त्याला सोसवायचं नाही.

पाच-सहा वर्षांनी ते डॉक्टर स्वतः घरी आले. अभ्यास संपला होता. सगळ्यांच्या घरी जाऊन निकाल सांगायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही इलाज जवळजवळ सारखेच निघाले होते, फुगा झालेले लवकर हिंडायला लागत, म्हणून आता पुष्कळांना फुगाच करणार होते.

"आन् माझ्या पोरीला चाकू आला आस्ता तर?" ज्ञानूनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मामा, शंभर जणींचं सांगता येतं. एकीचं नाही सांगता येत. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी चहा घेतला. जाताना म्हाळसाच्या पाया पडले. ज्ञानूला त्यांचा राग धरावासा वाटला, पण धरायला कुठं जागाच सापडेना.

त्याच उन्हाळ्यात तहमीनाचं शिरूरच्या बिलालशी लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती अकबरबरोबर आली. त्या दिवशी ज्ञानूच्या पायाला काहिलीचा चटका बसला होता, त्याला उसात जाता आलं नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि पत्रिका द्यायच्या आधीच रडू लागली.

"मामा, लगीन करून जायच्या आधी एक सांगायचंय. फोन लावला त्या दिवशी मी लई रडत हुते. मला कापायचं भ्याव. तर प्रतिभा म्हणली, गप, आपून बदलून घिऊ. तू फुगा घे, मी चाकू घेती. माझी छाती काय, कुणाला दावायची हाय?"

म्हाळसा दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली.

"ती खरंच नर्सकडं गेली," तहमीना म्हणाली. "नर्स म्हणली, हे काय बांगड्या बदलायच्यात व्हय? जा, पड जाऊन. मामा, मी व्हय म्हणले हुते. तिनं इचारलं आन् मी लगीच व्हय म्हणले."

इतक्या वर्षांत ज्ञानू कुणासमोर रडला नव्हता, तो आता लहान पोरासारखा रडला. मधेच तोंड पुसून म्हणाला, "भ्यालेलं माणूस व्हयच म्हणतंय, पोरी. त्यात तुझं काय चुकलं? मी तर पेढे वाटले."

अकबरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तहमीना डोळे पुसत म्हणाली, "तुमचा पेढा तिनं खाल्ला नव्हता, मामा. मला भरवला."

लग्नाला ज्ञानू आणि म्हाळसा शिरूरला गेले. ज्ञानूनं गुळाची ढेप नेली, मांडवात शेवटपर्यंत थांबला. त्यानंतर तहमीना आली की तो घरातच थांबायचा, तिला प्रतिभाचं वॉर्डातलं बोलणं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. पण मन हलकं झालं म्हणावं, तर तसं झालं नाही. आधी त्याच्या डोक्यात फोनचंच गणित होतं, आता त्यात खाटेवरून उठून, दम खात, नर्सच्या टेबलापर्यंत चालत गेलेली लेकही होती. ती आपल्या पायांनी सुटकेच्या दारापर्यंत गेली होती, तेही दुसरीसाठी, आणि नर्सनं तिला 'जा, पड जाऊन' म्हणून परत धाडलं होतं. म्हाळसाला तो एकदाच बोलला, "इतकी शाणी पोर हुती आपली."