चिंचेनं घासलेली नाणी

हल्ली आमच्या दुकानाच्या गल्ल्यात चिल्लर पडतच नाही. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं, काउंटरवरचा स्पीकर आकडा ओरडतो, संपला व्यवहार. पूर्वी मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी गल्ला उपडा केला की काही ना काही हाती लागायचंच. कमळाचं पितळी वीस पैशाचं, षटकोनी तीन पैशाचं, कधी कुणा म्हातारीच्या कनवटीचा भोकाचा पैसा. न चालणारं नाणं घेतलं म्हणून आमचे हे करवादायचे. मी म्हणायची, तुमच्या तंबाखूपेक्षा बरं व्यसन आहे.

ती सगळी नाणी मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्यात एक शिवराई होती. तांब्याची, जाड, नुसतं ‘छत्र’ एवढंच वाचता येणारी. वडिलांना रान नांगरताना सापडलेली. सासरी येताना त्यांनी ती माझ्या मुठीत दिली, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं वडील गेले, रानही रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. माहेर म्हणून माझ्याकडं तेवढंच उरलं. नगरला नाणी जमवणारे एक गृहस्थ भेटले होते, त्यांनी बजावलं होतं, जुनं नाणं कधी घासायचं नाही, घासलं की त्याचं वय जातं.

आणि एका दिवाळीत दुकान आवरून घरी येते तर काय, लक्ष्मीपूजनाच्या ताटात माझा अख्खा डबा लखलखतोय! सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, दुपारभर बसून चिंच आणि राख लावून एकेक नाणं घासलं होतं. लक्ष्मीपुढं काळा पैसा मांडायचा नाही, हा त्यांचा नेम. बोटं पार सुरकुतली होती, आणि तोंडावर कौतुक असं, की मला जसा काही दागिनाच घडवून आणलाय. कपाळ माझं! मी ताटात शिवराई शोधू लागले. तांब्याची म्हणून जी होती ती सगळी सारखीच लाल, गुळगुळीत. माझी कुठली ते कळेना. ऐन सणाचं मला रडू आलं.

आत्याबाईंनी ते पाहिलं. काही न विचारता त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आतली चिंधी उलगडली आणि शिवराई माझ्या हातावर ठेवली. होती तशी काळी, खाचेत माती धरलेली.

“ही न्हाई घासली गं. तुज्या बापाच्या रानाची माती हाय तिच्यावर. ती पुन्यांदा कुठनं आनायची?”

आत्याबाईंना जाऊनही आता बरेच दिवस झाले. दिवाळी आली की मी चिंच भिजत घालते आणि डब्यातली सगळी नाणी घासते. नगरचे गृहस्थ काय म्हणायचं ते म्हणोत. शिवराई तेवढी चिंधीत असते. चिंधी आत्याबाईंच्या लुगड्याची आहे. ती मी अजून धुतलेली नाही.