आण्णांचं आवरेज

नव्या गाडीच्या पडद्यावर लिटरला किती किलोमीटर पडले ते आपोआप दिसतं. बरी चालवली तर बाजूला हिरवी पानंही उगवतात म्हणे. माझी आजवर दोनच उगवलीत. पण तो आकडा दिसला की मला आमची जुनी पांढरी गाडी आठवते, आणि मलकापूरच्या पंपावर तिला दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवणारे आम्ही बापलेक.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर मलकापूरला राहायचे आणि पंधरवड्यातून एकदा आईला घेऊन आमच्याकडं सांगलीला यायचे. चप्पल काढून सीटखाली सारायचे आणि अनवाणी चालवायचे. पेट्रोल किती चाललंय ते तळपायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी माणसं भेटल्यावर तब्येत विचारतात. आण्णा विचारायचे, "आवरेज किती देती?" माणसाची अक्कल, सबुरी, बायकोशी वागणूक, सगळं त्यांना त्यावरून कळायचं. माझं आवरेज त्यांच्यापेक्षा कायम दोन-तीननं कमी. तेव्हा माझ्याबद्दल त्यांना काय कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं त्या वर्षी एकदा ते सांगलीत उतरले, तर डावा आरसा लोंबकळत होता. "उसाच्या ट्रॉलीला घासली," आई हळूच म्हणाली. लोणंदला दिलेल्या माझ्या बहिणीचा लगेच फोन. "दादा, किल्ली काढून घे. तू थोरला आहेस." माझं थोरलेपण घरच्यांना अशाच वेळी आठवतं.

पंधरा दिवस आरशासमोर तालीम करून मी मलकापूरला गेलो. दोन कप चहा प्यालो. मग म्हणालो, "आण्णा, आता गाडी बास करा."

आण्णा चिडले नाहीत. "तुझं आवरेज किती?"

"त्याचा काय संबंध?"

"लय संबंध हाय. उद्या तू सांगलीला जाऊन ये, परवा मी. हीच गाडी, ह्योच रस्ता. माझं कमी पडलं तर किल्ली तुझ्या हातात. जास्त पडलं तर ह्यो इषय पुन्हा काढायचा न्हाई. बोल गड्या."

"मी मागं बसती," आई म्हणाली. "दोघंबी थापा मारता."

शनिवारी सकाळी पंपावर टाकी भरली. आण्णांची रीत अशी, की पेट्रोल तोंडाशी आलं की गाडी हलवायची, म्हणजे आतली हवा निघते आणि आणखी थोडं मावतं. मग परत आल्यावर तशीच हलवून भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं. पंपावरचा माणूस हसत होता. मी चोहीकडं बघत होतो, ओळखीचं कुणी नाही ना.

पेठ नाक्यापर्यंत आण्णा शेजारी गप्प बसले. पुढं मी पहिला ब्रेक मारला आणि ते म्हणाले, "गेला एक घोट."

"कसला?"

"पेट्रोलचा. जाळून पळीवतूस आन ब्रेक मारून इझवतूस. त्यो गतिरोधक काय पळत आडवा आला व्हय रं? सकाळधरनं तिथंच हाय. लांबनं बघ, पाय उचल, गाडी आपसूक हळू हुती."

आष्ट्यापर्यंत माझे एकवीस घोट झाले. सांगलीत शिरल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. परत येऊन हिशेब काढला, तर साडेसोळा. "बरं हाय की," आण्णा म्हणाले. एवढं कौतुक मला दहावीलाही मिळालं नव्हतं.

रविवारी ते चालवायला बसले. चप्पल सीटखाली. हायवेला गाडी अशी निघाली की आईला डुलकी लागली. मी मनात हरलो होतो आणि, खरं सांगायचं तर, मला बरं वाटत होतं. बहिणीला काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं.

इस्लामपूरच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर संथ चालला होता. मला तो केव्हाच दिसला. आता आण्णा पाय उचलतील, आता उचलतील, म्हणून माझाच पाय खालच्या चटईवरून उचलला गेला. त्यांचा नाही. मग कचकन ब्रेक. आईच्या मांडीवरचा डबा पुढं आला.

पुढं एक गतिरोधक, मग एक म्हैस, मग आणखी एक ट्रॉली. प्रत्येक वेळी तसंच. घोट मोजायचं मला धाडस झालं नाही.

संध्याकाळी पंपावर पुन्हा टाकी भरायला लागलो. आण्णा एका बाजूनं हलवत होते, मी दुसऱ्या बाजूला. मी नुसता हात लावून उभा राहिलो. कमी मावलं असतं, तर त्यांचं आवरेज वाढलं असतं.

"हलीव की नीट," आण्णा म्हणाले. "जेवला न्हाईस व्हय?"

"हलवतोय की."

"सरक तिकडं." ते माझ्या बाजूला आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी गाडी अशी हलवली की पंपावरच्या माणसाचं हसू थांबलं. नळीतून पेट्रोल जातच राहिलं.

आवरेज पंधराच्याही खाली आलं.

आण्णांनी सीटखालची चप्पल काढून पायात घातली. मग किल्ली पुढं केली. "लांबचं दिसत न्हाई रं. जवळ आल्यावं एकदम दिसतंय."

"कवापासनं?" माझ्या तोंडूनही त्यांचीच भाषा आली.

"दिवाळीपासनं. पर आवरेज बघितल्याबिगर मानायचं कसं?"

"आवं, मग घरात सांगायचं तरी," आई म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून गाडीत बसली.

मिरजेला दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. महिनाभरानं आण्णांना आमच्या सांगलीच्या घरासमोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या साडीचे काठ दिसायला लागले. मी किल्ली त्यांच्यापुढं धरली. खरंच धरली. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "तू चालीव. मी बघतो."

मी बूट काढून सीटखाली सारले. आष्टा मागं पडलं आणि आण्णा म्हणाले, "ट्रॉली."

मला नुसता रस्ताच दिसत होता. तरी पाय उचलला. गाडी आपसूक हळू होत गेली. बऱ्याच वेळानं झाडांच्या सावलीतून एक ट्रॉली पुढं आली. कडब्याची.

"आण्णा, ही उसाची नाही."

"मी ट्रॉली म्हनलो. ऊस म्हनलो व्हय?"