जेवणानंतरची गोळी

पिंपरी पेंढारची साळुबाई म्हणजे भर बाजारात बायकांची भांडणं मिटवणारी बाई. पण एकदा आळेफाट्याजवळ एस्टीत तिची छाती अशी धडधडली, हातपाय असे गार पडले, की "मी मरते आता" म्हणत ती चालत्या गाडीतून उतरायला निघाली. दवाखान्यात छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, तर नॉर्मल! झालं, भावकीला तेवढंच पाहिजे होतं. "नाटकं हायती सगळी." अहो, नाटकं करणारी बाई माहेर सोडील का? डिंभ्याला तिची म्हातारी आई होती, धोंडाबाई. एस्टीच्या धास्तीने साळुबाईचं तिकडं जाणंच बंद झालं.

गावातल्या डॉक्टरने बारकी पांढरी गोळी दिली. अर्ध्या तासात जीव थंड! पण दुसऱ्या दिवशी अंग जड. तव्यावर भाकरी करपायची आणि बाई नुसती बघत बसायची. पुढं एका गोळीने भागेना. नवरा कुंडलिक घाबरला आणि तिला मोटारसायकलवर घालून नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला.

बाईंनी दुसरी गोळी लिहिली. "ही रोज जेवणानंतर घ्या. पांढरी हळूहळू कमी करू, एकदम सोडायची नाही. तिची सवय लागते, हिची तशी लागत नाही. पण हिचा गुण यायला महिना जाईल, सुरुवातीला मळमळेल."

"म्हैना?" कुंडलिक म्हणाला. "ती तर लगीच गुण देती की ओ."

"कांदा लावला की दुसऱ्या दिवशी उपटून बघता का?"

लई दिवसांनी साळुबाई हसली.

मळमळ तिने सोसली. पांढरी गोळी सुटली, आणि भादव्यात बाई एस्टीने ओतूरला जाऊन आलीसुद्धा! त्याच दिवशी दुकानातून तिने डिंभ्याला फोन लावला. "दसरा झाला की येते, आये."

"ये बाय. मी हाये तवर ये."

घट बसायच्या आदल्या दिवशी तिच्या भावाचा, गेणभाऊचा निरोप आला, आई अंथरुणाला खिळलीय. साळुबाईच्या घरी घट बसायचे, आणि घट सोडून घरच्या बाईने जायचं नसतं. तिने देवीला हात जोडले, आईसाठी नऊ दिवसांचा कडक उपास बोलली. आता गोळी जेवणानंतरची, आणि जेवण तर नाहीच. शेंगदाण्याला नि वरईला कोण जेवण म्हणतं? तिने गोळ्यांची पट्टी देवीपुढं ठेवून दिली. यात कुणाला काही विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही.

सातव्या माळेला छाती पुन्हा धडधडायला लागली. उपासाने होतंय, असं तिला वाटलं. दसऱ्याच्या सकाळी फोन आला, आईचं काही खरं नाही. कुंडलिकने जीप सांगितली. कळंबच्या पुढं साळुबाईने दाराला हात घातला. "मला उतरवा! उतरवा मला!" रस्त्याकडेला बसून ती ओकली. उठून जीपमध्ये पाय ठेवला, पुन्हा खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. कुंडलिक काकुळतीला आला. "अगं, घोडेगाव आलंच. तितनं डिंभं कितीसं?" कशीबशी ती बसली.

पोचली तेव्हा अंगणात आईला अंघोळ घालत होते.

"तास झाला," गेणभाऊ म्हणाला. "सारकी रस्त्याकडं बघत व्हती."

तेवढाच तास साळुबाईचा कळंबच्या रस्त्याकडेला गेला होता.

तेराव्यानंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी बंद केली होती का?"

"न्हाई बाई. नवरात्राचा उपास व्हता. आयसाठी धरला व्हता."

"अहो, वरई खाऊन घेतली असती तरी चाललं असतं."

साळुबाई पदर तोंडात कोंबून अशी रडली, की बाहेरची माणसं उठून उभी राहिली.

घट ती पुढंही दरवर्षी बसवत राहिली. पण पहिल्या माळेला बायका उपासाचं राजगिऱ्याचं पीठ मळत असताना ही चुलीपुढं बसून भाकरी खायची, वर गोळी घ्यायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "माझ्या आयला इचारा."