अस्वलाने विचारलेला पत्ता

आम्ही निलंग्याला राहत होतो तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. बाराखडी शिकवणारी एक वेबसाइट मला सापडली होती. ती नीट न बघताच मी फोन मुलीच्या हातात दिला आणि भाकरी थापायला बसले. थोड्या वेळाने तिने बाहेरच्या खोलीतून विचारलं, "आई, आपला पत्ता काय हाय?"

"कोण विचारून राहिलंय?"

"अस्वल."

पिठाच्या हातांनीच मी धावले. फोनवर टोपी घातलेलं अस्वल हसत होतं. बक्षीस पाठवायला त्याला नाव, शाळा आणि पत्ता हवा होता. नाव आणि शाळा तिने लिहूनही टाकली होती.

"पाठवलंस का?" माझा आवाज चढला. ती रडायला लागली.

मी ते पान बंद करून नणंदेला फोन लावला. ती नांदेडला शाळेत शिकवते.

"वहिनी, आधी तिला जवळ घ्या, मग विचारा," ती म्हणाली.

मी मुलीला मांडीवर घेतलं. हुंदके थांबल्यावर पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "न्हाई पाठवलं. पत्ता येत नव्हता म्हणून तर तुला विचारलं."

पुढचा आठवडाभर नणंदेने सुचवलेली प्रत्येक वेबसाइट मी आधी स्वतः खेळून पाहिली. नाव विचारणाऱ्या आणि मध्येच जाहिराती दाखवणाऱ्या काढून टाकल्या. दोनच उरल्या. त्यातल्या एकीवर मुलगी जोडाक्षरं शिकली, मी शेजारी बसलेली असताना.